कल्चरल सेंटरमध्ये आम्हाला 'महाराष्ट्र' एका तासात मांडायचाय, काय दाखवू आणि काय बोलू?

कणीकोंडा

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनला शेतकीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष. शिकागोच्या दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटर, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. एका कामात तुमची मदत हवीय पण आधी सगळं सांगते, नाहीतर लगेच 'लेझीम ठेवा' असे प्रतिसाद यायला लागतील.

आमच्या युनिव्हर्सिटीत नेवाडा स्ट्रीट म्हणून एक रस्ता आहे, त्याच्यावर चार कल्चरल सेंटर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आफ्रिकन अमेरिकन मुलांचं सेंटर सगळ्यात जुनं, १९६९चं. मग ला कासा म्हणजे लॅटिनो मुलांचं, १९७४चं. नेटिव्ह अमेरिकन हाउस २००२चं आणि एशियन अमेरिकन सेंटर २००५चं. मी पहिल्या वर्षी तिथे गेले ती फुकट जेवण मिळतं म्हणून, खरं तेच सांगते. दुपारी बारा वाजता एखादा वक्ता किंवा एखादी विद्यार्थिनी एक विषय घेऊन बसते, प्लेट मांडीवर घेऊन सगळे ऐकतात आणि मग बोलतात. एशियन अमेरिकन सेंटरच्या ह्या दुपारच्या बैठकीचं नावच 'फूड फॉर थॉट' आहे. कधी कुणी शाई आणि कुंचला घेऊन येतं, कधी एखादी व्हिएतनामी मुलगी आपल्या आजीने बोटीतून देश कसा सोडला ते सांगते आणि खोलीत काट्याचमच्याचासुद्धा आवाज येत नाही.

आता ह्या सेंटरमध्ये आम्हा मराठी मुलामुलींना एप्रिलमध्ये एक तास मिळालाय. आमचं ठरलं होतं ते असं, कोळीनृत्य, एक लावणी, एक 'आदिवासी नृत्य', शेवटी पोवाडा, आणि बाहेर टेबलावर वारली पेंटिंगचे बुकमार्क. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आपण सगळ्यांनी केलेलंच. आदिवासी नृत्यासाठी कागदाच्या झिरमिळ्यांचे घागरे आणि तोंडाला काळा रंग, अशी कल्पना एकाने मांडली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

त्याच आठवड्यात मी नेटिव्ह अमेरिकन हाउसच्या एका चर्चेला गेले. विषय होता आमच्याच युनिव्हर्सिटीचा जुना 'चीफ इलिनिवेक'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९२६पासून २००७पर्यंत इथे फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मॅचच्या मध्यंतरात एक विद्यार्थी पिसांचा मुकुट आणि चामड्याचा पोशाख घालून मैदानात उड्या मारत नाचायचा, तो होता युनिव्हर्सिटीचं बोधचिन्ह. नाचणारा मुलगा बहुतेक वेळा गोरा. पोशाख लकोटा लोकांच्या पद्धतीचा, ज्यांचा ह्या इलिनॉयशी संबंध नाही. ज्यांच्या नावावरून राज्याचं नाव पडलं ते इलिनॉय लोक तर इथून केव्हाच हुसकले गेले, त्यांचे वंशज म्हणजे पिओरिया जमात आज ओक्लाहोमात आहेत, आणि त्यांनी २०००मध्ये ठराव करून हे बंद करा म्हणून सांगितलं तरी पुढे सात वर्षं ते चालूच राहिलं. १९८९मध्ये शार्लीन टीटर्स नावाची स्पोकेन जमातीची एक विद्यार्थिनी, चित्रकलेची, आपल्या मुलांना घेऊन मॅच बघायला गेली, तिने ते नाचणं पाहिलं आणि त्यानंतर ती स्टेडियमबाहेर पाटी घेऊन एकटी उभी राहायला लागली.

तो फोटो पडद्यावर होता. हवेत उंच उडालेला मुलगा, दोन्ही पाय ताणलेले, मागे हजारो माणसं उभी. माझ्या डोळ्यासमोर आमचे कागदी घागरे आले आणि मला पुढचा घास गिळवेना. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं की आपण आदिवासी नृत्य काढून टाकू या. दोघं चिडले, दोघं गप्प बसले.

तर प्रश्न असा आहे, एका तासात आपण काय ठेवावं? आणि नाचाच्या पलीकडे काही बोलावं का, म्हणजे ही कला कुणाची, ते लोक आज कुठे आहेत वगैरे? का परदेशात हे सगळं काढू नये?

मीठभाकर

छान विषय. मी सेंट लुईसला असते. आमचा अनुभव सांगते, लोकांना हाताने करायचं काहीतरी द्या. रांगोळी, तीसुद्धा ठिपक्यांची. बसलेल्या माणसाला बोलतं करायचं तर हात गुंतवावे लागतात. खाण्याचं आधी विचारून घ्या, बऱ्याच कॅम्पसवर घरचं शिजवलेलं चालत नाही, बाहेरून मागवावं लागतं. शेंगदाणे असतील त्या प्रत्येक पदार्थासमोर पाटी लावा, मोठ्या अक्षरात.

जुना_अर्बानाकर

कणीकोंडा, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. मी १९९२ ते ९४ तिथे एमएस केलं. पहिल्याच शरदात मित्रांबरोबर मॅचला गेलो, मध्यंतरात बँड वाजायला लागला, सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, हात छातीपुढे घडी घालून, आणि मीही उभा राहिलो. मला ते फार भव्य वाटलं. मी तो टी-शर्ट विकत घेतला, भावाला पुण्याला पाठवला.

बाहेर काही लोक पाट्या घेऊन उभे असायचे. आम्ही त्यांच्या समोरून जायचो. एकदाही थांबून विचारलं नाही की बाबांनो तुमचं म्हणणं काय. दोन वर्षांत जाऊन दहा मिनिटं ऐकायला काय झालं होतं मला. तेव्हा नेटिव्ह अमेरिकन हाउस नव्हतं, पण ला कासा होतं, तिथल्या भिंतींवर मोठी चित्रं होती, आणि आफ्रिकन अमेरिकन सेंटर होतं. आम्ही भारतीय मुलं तिकडे फिरकायचो नाही. आम्हाला वाटायचं ते 'त्यांचं' आहे.

ही सेंटरं निघाली कशी ते नव्या मुलांना सांगा. १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काळ्या विद्यार्थ्यांनी आणि शहरातल्या लोकांनी रेटा लावला म्हणून 'प्रोजेक्ट ५००' सुरू झालं, एका वर्षात ५६५ मुलं घेतली, बहुतेक काळी आणि काही लॅटिनो. मुलं आली तर खोल्या नीट नाहीत, पैशांची मदत सांगितली तशी नाही. सप्टेंबरमध्ये एका रात्री ती इलिनी युनियनमध्ये, म्हणजे कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांच्या इमारतीत, जमली आणि जवळजवळ अडीचशे जणांना अटक झाली. त्याच्या पुढच्या वर्षी सेंटर उभं राहिलं. तेव्हा तिथे नाच-गाणं होतं तसं भांडणही होतं, पहिल्या दिवसापासून. म्हणून म्हणतो, बोलायचं की नाही हा प्रश्नच नको. ती जागाच त्याच्यासाठी आहे.

घडवंची

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका. मी न्यू जर्सीत आहे. माझी मुलगी चौदा वर्षांची, तिचं मराठी म्हणजे 'आई भूक लागली' एवढंच होतं. मंडळाच्या कार्यक्रमात तिने लावणी केली, नऊवारी नेसली, शब्दांचे अर्थ मला विचारून विचारून पाठ केले, त्या तीन महिन्यांत ती जेवढं मराठी शिकली तेवढं दहा वर्षांत शिकली नव्हती. आता तिला जाऊन सांगू का की ही तुझी कला नाही? तिचं मग काय आहे? आम्ही ना तिथले राहिलो ना इथले झालो, आमच्या मुलांच्या हातात हे एवढंच आहे. काळा रंग फासणं चूक आहे, ते मान्य. पण प्रत्येक नाचाआधी अपराधी चेहरा करून भाषण द्यायचं असेल तर मुलं उद्यापासून यायचीच बंद होतील.

कणीकोंडा

घडवंची, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि मी लावणी काढा म्हणत नाहीये. मी सातारा जिल्ह्यातली, वाई आमच्यापासून तासाभरावर. लावणीच्या मोठ्या कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ला पद्मश्री मिळाली तेव्हा मी शाळेत होते, आणि आमच्याकडे बायका कौतुक करत होत्या आणि त्याच दमात त्यांच्या कोल्हाटी समाजाबद्दल जे बोलत होत्या ते मी इथे लिहू शकत नाही. त्या बाई बसून, फक्त चेहऱ्याने आणि हाताने, एका ओळीची अदा किती तऱ्हांनी करायच्या. तुमच्या लेकीला लावणी शिकवाच, आणि यमुनाबाई कोण होत्या, फडावरच्या बायकांनी ही कला कशी जगवली आणि त्याची किंमत काय मोजली, तेही तिच्या वयाला झेपेल तसं सांगा, एवढंच माझं म्हणणं. तिला ते ओझं वाटणार नाही. चौदा वर्षांच्या मुलींना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं.

तलासरी_वाट

ह्या धाग्यावर लिहायलाच हवं म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. मी वारली आहे, पालघर जिल्हा. मुंबईत नोकरी करतो.

आमचं 'पेंटिंग' मुळात पेंटिंग नव्हतं. लग्नाचा चौक असतो. घराच्या आतल्या भिंतीला गेरू सारवायचा, तांदूळ वाटून त्याचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा, आणि सवाशिणी बायका तो देवचौक काढतात, मध्ये पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गाते. गाणं झाल्याशिवाय चौक पुरा होत नाही आणि चौक नसेल तर लग्न लागत नाही. हे पुरुषांचं काम नव्हतंच. १९७०च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्याकडे आले, त्यांनी कागद दिले, आणि जिव्या सोमा मशे यांनी रोजचं जगणं काढायला सुरुवात केली, शेत, मासेमारी, तारपा. तिथून ते जगभर गेलं. मशे बाबांना २०११ला पद्मश्री मिळाली, २०१८ला ते गेले. त्यांच्याबद्दल आम्हाला अभिमान आहे.

पण तो तारप्याचा गोल चहाच्या कपावर, उशीच्या अभ्र्यावर, हॉटेलच्या भिंतीवर दिसतो तेव्हा तो कुणी काढला हे कुणी विचारत नाही. तारपा माहीत आहे का, वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मधे असतो आणि त्याच्याकडे पाठ करून कुणी नाचत नाही. शाळेत असताना गॅदरिंगला बाईंनी मला म्हटलं होतं तू आदिवासी नाचात राहा, तुला मेकअप लागणार नाही. सगळे हसले. मी सहावीत होतो. आई शेतावरून दमून आली होती, तिला सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

तुम्ही ते घागरे काढून टाकले हे वाचून बरं वाटलं. बुकमार्क ठेवायचे असतील तर गावातून मागवा, मी नंबर निरोपातून देतो, करणाऱ्याचं नाव प्रत्येक बुकमार्कच्या मागे लिहा. आणि कुणी विचारलं तर सांगा की हे लोक आहेत, आजही आहेत, रोज लोकलने कामाला जातात, त्यांची जमीन महामार्गात आणि धरणात जाते त्यासाठी मोर्चे काढतात.

मीठभाकर

तलासरी_वाट, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी शिक्षिका होते. असं वाक्य मी कधी बोलले नाही ना, हे आठवत बसले.

खडीसाखर

पुण्यातून लिहिते. उलट्या बाजूने बघा. आमच्या कॉलेजात (नाव नको) दरवर्षी इंटरनॅशनल डे असतो, आफ्रिकेतून आलेल्या मुलांना ढोल देऊन नाचायला सांगतात. माझ्या वर्गात सुदानचा एक मुलगा होता, सिव्हिलचा, पुलांचं वेड होतं त्याला, मुठेवरच्या एकेका पुलाखाली जाऊन स्केच काढायचा. त्याला तीन वर्षं नाचायला बोलावलं, आणि त्याच तीन वर्षांत त्याने सात घरं बदलली कारण मालक फोनवर हो म्हणायचे आणि तोंड बघून नाही. त्याच्याबरोबर बसून एक तास ऐकायची सोय आमच्याकडे कुठेच नव्हती. चहाच्या टपरीवर जे काय बोलणं झालं तेवढंच. अशी एक खोली, दुपारचं जेवण आणि ठरलेला वार, एवढं आपल्याकडच्या विद्यापीठांनी सुरू केलं तरी खूप होईल. त्याला ना ऑडिटोरियम लागतं ना मंत्री लागतो.

सुरपेटी

अर्बानाचं नाव निघालं म्हणून एक जुनी गोष्ट. रवींद्रनाथ ठाकुरांचे चिरंजीव रथींद्रनाथ १९०६ला तिथे शेतकी शिकायला गेले, १९०९ला पदवी घेतली, आणि तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबच्या उभारणीत ते होते. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी एकत्र बसावं, एकमेकांना आपला देश सांगावा, एवढाच उद्देश. म्हणजे कणीकोंडाताई, तुमच्याच खात्यातल्या एका भारतीय मुलाने शंभर वर्षांपूर्वी हेच काम सुरू केलं होतं. पुढे १९१२च्या हिवाळ्यात खुद्द रवींद्रनाथ मुलगा-सुनेबरोबर अर्बानाला येऊन राहिले. इंग्रजी गीतांजली नुकतीच लंडनला छापली होती, नोबेलला अजून वर्ष होतं, त्यांना तिथे फारसं कुणी ओळखतही नव्हतं. युनिटेरियन चर्चमधल्या एका छोट्या मंडळापुढे त्यांनी उपनिषदांवर भाषणं वाचली, आणि तिथून त्यांच्या अमेरिकेतल्या भाषणांची सुरुवात झाली. ते चॅपल अजून आहे, तुम्ही नक्की जाऊन या.

आता तुमच्या तासाबद्दल. मी पेटी वाजवतो, पण पेटी-तबला नका ठेवू म्हणेन. ओव्या ठेवा. जात्यावरच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत, त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकता येतात, बाईचं नाव, गाव, जात, मुलं किती, काम काय, सगळं खाली लिहिलेलं. आई-लेकीच्या ओव्या आहेत, पंढरीच्या आहेत, बाबासाहेबांवरच्या कितीतरी आहेत. कला कुणाची ह्याचं उत्तर तिथे आधीच दिलेलं आहे, तुम्हाला वेगळं भाषण करावं लागणार नाही. आणि तुम्ही शेतकीतल्या, धान्य तुम्हाला कळतं.

जातं मिळालं तर काय हवं.

घडवंची

नेपरविलला माझी नणंद राहते, तिच्याकडे आहे! दहा वर्षांपूर्वी कराडहून सामानात आणलं होतं, विमानतळावर दोन्ही पाळ्या वेगवेगळ्या उघडून दाखवाव्या लागल्या होत्या. सध्या त्याच्यावर तुळशीची कुंडी असते. विचारते तिला.

कणीकोंडा

मंडळी, काल कार्यक्रम झाला, आत्ता सगळं लिहिते, आठवतंय तोवर.

घडवंचीच्या नणंदबाई स्वतः गाडी चालवत जातं घेऊन आल्या, सव्वादोन तास. त्यांनी मागच्या सीटवर त्याला पट्टा लावला होता. आम्ही खुर्च्या काढून टाकल्या आणि मधे चादर घालून जातं ठेवलं. चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. सुरुवातीला दोन ओव्या ध्वनिमुद्रणातल्या ऐकवल्या, पडद्यावर बाईंचं नाव, गाव, आणि ओवीचा इंग्रजी अर्थ. मग नणंदबाईंनी ज्वारी वैरली आणि मी खुंटा धरला. मला वाटलं होतं सोपं असेल. जात्याला कित्येक वर्षांत टाकी लावलेली नव्हती, म्हणजे छिन्नीने पाळ्यांना नव्या खाचा पाडलेल्या नव्हत्या, त्यामुळे पीठ निघेचना, नुसती भरड, आणि दहा फेऱ्यांतच माझा खांदा भरून आला. नणंदबाई म्हणाल्या की त्यांची आई पहाटे चारला बसायची आणि उजाडेपर्यंत दळायची, आणि त्या स्वतः तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायच्या, ओवी पोटातून ऐकू यायची. हे त्या मराठीतच बोलल्या, मी इंग्रजीत सांगायला गेले आणि माझा आवाज गेला, मग एका ज्युनियर मुलाने सांगितलं.

मग लोक एकेक करून पुढे आले. ला कासामध्ये नेहमी दिसणारी एक मुलगी, मेक्सिकोतल्या वाहाकाची, ती बसली आणि तिने खुंट्याला हातच लावला नाही, पाळीवरून नुसता तळवा फिरवत राहिली. म्हणाली आमच्याकडे मेटाटे असतो, उतरता दगड, त्याच्यावर मका वाटतात गुडघ्यावर बसून, आजीचे गुडघे त्याने गेले. गिरणी आल्यावर आजी रडली होती की हसली होती, ते तिच्या आईला आजही सांगता येत नाही. मग नणंदबाईंनी विचारलं, वाटताना गाणी म्हणायच्या का? ती म्हणाली आईला विचारते. तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून स्पॅनिशमध्ये बराच वेळ कुणीतरी बोलत होतं आणि आम्ही सगळे जात्याभोवती बसून न कळता ऐकत होतो.

लावणी झाली, बसून. करणाऱ्या मुलीने आधी दोन मिनिटं यमुनाबाईंबद्दल सांगितलं. प्रश्न आले, जातीबद्दल आले, एका प्राध्यापकांनी थेट विचारलं की तुमच्या ह्या ग्रुपमध्ये कोणकोणत्या जातीची मुलं आहेत. शांतता झाली. आमच्यातला एक मुलगा, जो चार वर्षांत ह्या विषयावर एक शब्द बोलला नव्हता, तो उठून म्हणाला की आज ज्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकवल्या तशा माझी पणजी गायची. एवढंच म्हणाला आणि बसला. ज्या दोघांनी घागऱ्यांवरून माझ्याशी अबोला धरला होता त्यातला एक त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुढे त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, रात्री अकराला पार्किंगमध्ये दोघं अजून उभे होते.

तलासरी_वाट, तुमचे साठ बुकमार्क वेळेत पोचले, अकरा उरलेत. मागची नावं लोकांनी वाचली, दोघींनी विचारलं की ह्या बाईंना पत्र लिहिता येईल का. पैसे आज पाठवलेत.

तलासरी_वाट

पैसे मिळाले. पत्र जरूर लिहायला सांगा, इंग्रजीत चालेल, मी वाचून दाखवीन. तिची मुलगी दहावीला आहे, उत्तर ती लिहील.

सुरपेटी

त्या मुलीच्या आईने गाण्यांचं काय सांगितलं?

कणीकोंडा

गायच्या म्हणे. पण तिला शब्द आठवत नव्हते, चाल आठवत होती, ती तिने फोनवर गुणगुणून दाखवली. नणंदबाईंनी जातं इथेच ठेवलंय पुढच्या महिन्यापर्यंत, ला कासामध्ये त्यांना मेटाटेच्या शेजारी हवंय. इथे पाथरवट कुठून आणायचा, घरी टाकी लावता येते का? छिन्नी आहे माझ्याकडे. कुणाला माहीत असेल तर सांगा, खाचा किती खोल ठेवायच्या ते विशेष.